आचारीण तुंगाबाईच्या दोन पानांची कहाणी

ऐक गे अन्नपूर्णे माई, तुझी कहाणी. हातात चार अक्षता घ्या गं बायांनो, आणि कुजबुज पुरे. दूध कुणाचं चुलीवर राहिलं असेल तर आत्ताच उतरवून या, मध्येच उठलेलं मला चालायचं नाही.

नगर होतं आटपाट. नगराला चार वेशी, चारी वेशींत लग्नाचे मांडव. त्या नगरात तुंगाबाई नावाची एक आचारीण राहायची. लग्न असो, मुंज असो, सहस्रभोजन असो, तुंगाबाईशिवाय चूल पेटायची नाही. हंडे केवढे? माणूस आत बसून न्हाईल एवढे. पळी केवढी? होडीचं वल्हं म्हणा ना. मीठ मोजायची नाही, मूठ भरायची नि टाकायची. चव बघायची नाही, कारण देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही, असा तिच्या आईचा धडा. वासावरून सांगायची, झालं म्हणून. पाचशे पानं उठायची, वाहवा करीत उठायची, आणि तुंगाबाई पदरानं तोंड पुसत बघत राहायची.

घरी दोघंच. ती नि तिचा नवरा आबाजीपंत. हा पोथ्यांच्या नकला करायचा. स्वभावानं गरीब, बोलणं मोजकं. मूलबाळ झालं नाही. घरी चूल क्वचितच पेटायची. तुंगाबाई मांडवातून यायची, बरोबर उरलंसुरलं आणायची. आज बुंदी, उद्या शिळी बुंदी, परवा आंबूस वास येणारी बुंदी. आबाजीपंत निमूट जेवायचे. अशी तीस वर्षं गेली.

मग काय झालं? आषाढ लागला, देव निजले, लग्नं थांबली, मांडव उतरले. आणि त्याच आषाढात आबाजीपंतांना ताप भरला. ताप आठ दिवस राहिला. वैद्य आले, काढा दिला, ताप उतरला. पण मनुष्य काही उठेना. ताट पुढे आलं की मान फिरवी. गालाची हाडं वर आली, हाताची कातडी लोंबायला लागली, लेखणी धरवेना.

वैद्यांनी नाडी बघितली नि तुंगाबाईला ओसरीवर बोलावलं. म्हणाले, "बाई, ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. माझ्याकडं आता औषध उरलं नाही. भूक परतली तर माणूस वाचेल. नाही परतली, तर श्रावण निघणं कठीण."

तुंगाबाईनं पदर खोचला. म्हणाली, "एवढंच ना? अख्ख्या नगराला जेवू घातलं मी. एका माणसाची ती काय कथा!"

मग पहिल्या दिवशी तिनं पुरण घातलंन. आबाजीपंतांनी दोन घास खाल्ले, "छान झालंय" म्हणाले, ताट सारलं. दुसऱ्या दिवशी मसालेभात केलान. दोन घास खाल्ले, "छान झालंय" म्हणाले, ताट सारलं. तिसऱ्या दिवशी भरली वांगी, अळूचं फतफतं, साखरभात, तिन्ही केलीन. एकच घास खाल्ला, "छान झालंय" म्हणाले, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

केलं किती होतं विचारा. दोन माणसांच्या घरात वीस माणसांचं! हाताला दुसरं मापच ठाऊक नाही. गाय जेवली, कुत्री जेवली, शेजारची माणसं तोंड चुकवायला लागली. आणि मीठ? हसू नका गं, तुमच्याही आमट्या मी चाखल्या आहेत. मूठ तीच, पातेलं मात्र एवढंसं. खारटच खारट झालं असणार. पण तुंगाबाईला ते कळावं कसं? आधी चाखायचं नाही, आणि नंतरही ती आपलं रांधलेलं खायचीच नाही. फोडणीच्या वासानंच तिचं पोट भरे. नवऱ्याचं पान उठलं की दहीभात कालवायची, उभ्या उभ्या चार घास, संपलं. आणि आबाजीपंत तरी बोलणार कसे? जिच्या हातचं पाचशे पानं वाखाणतात, तिला नावं ठेवणारा मी कोण, असं त्या भल्या माणसाच्या मनात.

मग श्रावण लागला. तुंगाबाई डोक्यावर पाटी घेऊन बाजारात निघाली. डोळ्यांना धार लागलेली, ओळखीच्या बायांना चुकवीत चालली. बाजाराच्या टोकाला एक म्हातारी पालेभाजीच्या एवढ्याएवढ्या जुड्या मांडून बसली होती.

तुंगाबाई म्हणाली, "आजी, सगळ्या जुड्या टाका पाटीत."

म्हातारी म्हणाली, "जेवणावळ कुणाकडं?"

"जेवणावळ कसली? घरी. आम्हां दोघांना."

म्हातारी अशी हसली, अशी हसली, की कानातली बुगडी हलायला लागली. मग तुंगाबाईचा चेहरा बघितला नि हसायची थांबली. म्हणाली, "बाई गं, तुला दुःख काय आहे?"

तुंगाबाई मटकन खाली बसली. नवऱ्याची भूक गेली ते सांगितलं, वैद्य काय म्हणाले ते सांगितलं, "आजी, मला रांधता येतं हो, सगळं येतं, पण त्यांना घास जाईना" म्हणून ढसाढसा रडली.

म्हातारीनं जुड्यांवर पाणी शिंपडलं. म्हणाली, "त्यांना काय खावंसं वाटतं?"

तीस वर्षांत तुंगाबाईनं हे विचारलं नव्हतं.

"तर मग वसा घे," म्हातारी म्हणाली.

"वसा कसा? काय करावं?"

"श्रावणातल्या पहिल्या दिवशी घ्यावा. सकाळी चूल पेटवायच्या आधी घरच्या माणसाला विचारावं, आज काय खावंसं वाटतं? विचारून थांबावं. उत्तर आपण देऊ नये. मग लहान पिशवी घ्यावी, पाटी घेऊ नये. दोघांना लागेल तेवढंच बाजारातून आणावं. देवाला दाखवावं. मग दोन पानं मांडावीत, शेजारी शेजारी. एकाच भांड्यातलं वाढावं, एकाच वेळी जेवावं. उद्यासाठी उरवू नये. महिनाभर करावं, मध्ये टाकू नये."

"अगं बाई! नवऱ्याच्या बरोबरीनं पानावर बसू? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला येणार आहेत का?" म्हातारी म्हणाली, आणि एकच जुडी तिच्या हातात दिली.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगाबाईनं विचारलं, "अहो, काय खावंसं वाटतं? शिरा करू?" आबाजीपंत म्हणाले, "कर." चुकलंच की. उत्तर तिनंच दिलं. मग तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय खावंसं वाटतं?" आबाजीपंत म्हणाले, "काहीही कर." तिनं काहीही केलं, त्यांनी काही खाल्लं नाही. मग चौथ्या दिवशी विचारलं नि उंबऱ्यावर बसून राहिली. चूल थंड. ऊन अंगणात आलं, ऊन ओसरीवर आलं. हात असे शिवशिवत होते तिचे! दोनदा उठली, दोनदा बसली.

आबाजीपंत म्हणाले, "अगं, चूल नाही पेटवायची?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय नाही."

ते हळूच म्हणाले, "रागावणार नाहीस?"

"नाही."

"आमची आई ज्वारीच्या कण्या करायची. ताकातल्या. आणि चुक्याची पातळ भाजी. फार काही नव्हे ते."

तीस वर्षं संसार झाला, आणि या माणसाला कण्या आवडतात हे तिला त्या दिवशी कळलं! लाजेनं तिचं तोंड एवढंसं झालं. पिशवी उचललीन, बाजारात गेली, म्हातारीकडून चुक्याची एक जुडी आणली. मूठभर कण्या घातल्या, देवाला दाखवलं, दोन पानं मांडली. अवघडून शेजारी बसली, पहिला घास घेतला, आणि थू करीत उठलीच!

"अहो! मीठ किती हे! आणि तुम्ही गप्प बसून गिळताय?"

आबाजीपंत खाली मान घालून म्हणाले, "तुझ्या हातचं नगर खातं. म्हटलं, माझीच जीभ बिघडली असेल."

तुंगाबाईला हसावं की रडावं कळेना. मग तिनं मुठीचं मीठ सोडलं, चिमटीचं धरलं. रोज विचारी, रोज थांबे, रोज आणी. दोन वांगी, चार भेंड्या, एक वाटी डाळ. रोज शेजारी बसून जेवी. आबाजीपंतांचे दोन घासांचे चार झाले, चारांचे आठ झाले. पण खात ते तिच्या मनासाठी. भूक काही म्हणावी तशी आली नव्हती. भिंत धरून अंगणापर्यंत चालत, एवढंच.

तों काय झालं? राजवाड्यात राणीला मुलगी झाली. बारशाची जेवणं निघाली. राजाचा शिपाई दारात आला. "तुंगाबाईंना बोलावलंय, हजार पान आहे."

हजार पान! तुंगाबाईची पाठ ताठ झाली. वसा आठवला, पण म्हणाली, एका दिवसानं काय होतंय? आणि घाईघाईनं तीन पातेली भरून रांधून ठेवलीन, आजचं, आणि लांबलंच तर उद्याचं, परवाचं. "अहो, खाऊन घ्या हं," म्हणाली नि गेली. बघा, हात पुन्हा जुन्या वळणावर गेला!

एका दिवसाचे तीन दिवस झाले. रोज नवी पंगत, रोज वाहवा. तिसऱ्या दिवशी राणीचं ताट आतून जसंच्या तसं परत आलं. आधीच्या दोन दिवसांतही तसंच आलेलं. सगळ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तुंगाबाई हात पुसत आत गेली. बाळंतिणीच्या खाटेशी बसली, आणि सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "राणीसाहेब, काय खावंसं वाटतं?"

विचारून थांबली.

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "वैद्य सांगतात ते ताटात येतं, सासूबाई सांगतात ते ताटात येतं. मला कुणी विचारलंच नाही गं. मला बाजरीची गरम भाकरी हवी, आणि लसणीची चटणी. माझ्या माहेरची."

तुंगाबाईनं एकच भाकरी थापलीन, बोटभर चटणी वाटलीन. राणीनं सगळी खाल्ली. बोटं चाटत म्हणाली, "हे विचारणं तू कुठं शिकलीस?" तुंगाबाईनं वशाची हकिकत सांगितली. राणी म्हणाली, "मग तीन दिवस तुझ्या घरी कोण विचारतंय?"

तुंगाबाई ताडकन उठली. तीन दिवसांचं अन्न! श्रावणाची दमट हवा! ते आंबलेलं खाल्लं असलं तर? खाल्लंच नसलं तर?

राणी म्हणाली, "जा, पंगत माझ्या बाया बघतील."

तुंगाबाई पळत सुटली. पायांत वहाण नाही, हातात तशीच पळी. राजवाड्याची देवडी ओलांडली, बाजार ओलांडला, आळीत वळली. दार सताड उघडं. अंथरूण रिकामं. पातेली अंगणात पालथी. अन्नपूर्णे, मी मातले गं, माझी शिक्षा त्यांना देऊ नकोस, म्हणत तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं.

तों आतून ठसका ऐकू आला.

स्वयंपाकघरात धूरच धूर. आणि त्या धुरात, चुलीपुढं उकिडवे बसून, गाल फुगवून, आबाजीपंत फुंकणी फुंकीत होते! मिशीला राख लागलेली, डोळे लालबुंद.

"आलीस?" ते म्हणाले. "ही लाकडं ओली आहेत का गं?"

"तुम्ही उठलात? तुम्ही हे..."

"पहिल्या दिवशी तुझं खाल्लं. दुसऱ्या दिवशी वास आला, सगळं गाईला घातलं. आज सकाळी पोटात असं काही कालवायला लागलं, मला वाटलं, संपलं, आता जातोय. घटकाभर घाबरून पडलो. मग ध्यानात आलं. अगं, भूक! भूक लागली होती मला!" त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "विचारायला घरात कुणी नव्हतं, म्हणून माझं मीच मला विचारलं, काय खावंसं वाटतं? काठी घेतली नि बाजारात गेलो. टोकाला एक म्हातारी आहे. म्हणाली, दोघांना ना? मी म्हटलं, दोघांनाच."

ती म्हातारी कोण, ते आता मी सांगायला हवं का?

तुंगाबाई म्हणाली, "अहो, मी वसा मोडला."

"मोडला कुठं? दोन पानांचा वसा आहे. तू खाली ठेवलास, मी उचलला."

मग तिच्या जिवावरचं ओझं उतरलं. भिंतीला टेकून ती लहान पोरीसारखी रडली, आणि रडता रडता हसली. त्यांनी वाढलं, दोघं शेजारी बसली. कण्या तळाशी करपलेल्या, भाजीत देठं तशीच. तिनं घास घेतला, थांबली, आणि खरं ते बोलली.

"अहो, भाजी खारट झालीय."

"होय? असू दे," आबाजीपंत म्हणाले, आणि पान पुढे सरकवलं. "मला आणखी वाढ."

तिनं वाढलं. पातेलं खरवडून वाढलं.

जशी तुंगाबाईच्या घरी भूक परतली, तशी तुमच्या आमच्या घरी नांदो. कुणाचं माणूस विचारल्यावाचून राहू नये, कुणाची बाई उभ्यानं जेवू नये. साठ उत्तरांनी मांडलेली कहाणी दोन पानांवर वाढली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. टाका गं अक्षता.