गवताचा ससाणा

माणसाची वाट अजून डोंगरावर चढली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका कड्याच्या कपारींत पारव्यांची वसाहत होती. आठवडाभरात ससाण्याने दोन पिलं उचलली, तेव्हा वसाहतीचा म्हातारा कारभारी घुमाजी याने मनाशी ठरवलं, की पिलांना हवेतल्या लढाईचा सराव देणारा एक आखाडा विकत घ्यायचा.

विणकामात तरबेज असलेल्या सुगरण पक्षिणीने तो बांधून आणला. वेलीला टांगलेला गवताचा ससाणा वरून सुसाट यायचा आणि पिलांनी त्याला चुकवायचं. त्या बदल्यात ओढ्यावरची बाभूळ तिला द्यायची होती.

चाचणीच्या दिवशी सातही पिलं सहीसलामत सुटली. आईबापांनी आनंदाने पंख फडफडवले.

"आता होकार द्या, घुमाजी," सुगरण म्हणाली. "एकालाही ओरखडा नाही."

पण होकार देण्याआधी घुमाजी एका पिलाकडे वळला. सगळ्यांत आधी सुटला होता तो ठिपकू, आणि त्याला तर जन्मापासून चोचीपुढचंही धड दिसत नव्हतं.

"बाळा, तुला ससाणा दिसला कसा?"

"दिसला कुठे, आजोबा? वेल करकरली की उडायचं. सगळे तसंच करतात."

घुमाजीने झटकन मान वर केली. सूर्याच्या आडून खरा ससाणा पंख मिटून खाली येत होता. त्याचा कसलाही आवाज येत नव्हता.

"कपारीत पळा," घुमाजी जिवाच्या आकांताने ओरडला.

पण वेल करकरली नव्हती, म्हणून एकही पिलू जागचं हललं नाही.