वाटीभर दहीसाखर

एकदा एका गावात, सकाळी बरोबर सव्वानऊ वाजता, एका तरुण आईच्या लेकीनं खेळता खेळता चिंचोका तोंडात टाकला आणि तो घशात अडकला. पोरीचे ओठ निळे पडू लागले. आई तिला उराशी धरून नुसती अंगणात फिरत राहिली. काय करावं ते सुचेना.

ही आई गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे ओव्या वाचायला शिकत असे. गुरुजींचा एक परिपाठ तिला कधी उमगला नव्हता. चौकात रुग्णवाहिका उभी असायची. गुरुजी रोज सकाळी वाटी घेऊन तिथं जायचे आणि गाडीवरच्या डॉक्टरीणबाईंच्या नि चालकाच्या हातावर दहीसाखर ठेवायचे. गावाची रीत नेमकी उलटी. ती गाडी कुणाच्या दारातून निघाली की मागं बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे पीडा धुऊन जाते. ही आईसुद्धा ओतायची.

"गुरुजी, त्यांना यश चिंतायचं म्हणजे आम्ही आजारी पडावं असंच ना?" तिनं एकदा हसत विचारलंही होतं. "तू आधी पुढची ओवी वाच, बाई," एवढंच गुरुजी म्हणाले होते.

त्या सकाळी शेजारणीनं हाक मारली तशी चौकातली गाडी दारात आली. डॉक्टरीणबाईंनी पोरीला मांडीवर पालथं घेतलं, पाठीत थापा दिल्या. चिंचोका बाहेर पडला. पोर रडली तेव्हा आईच्या जिवात जीव आला. तरी एकदा तपासून घेऊ म्हणून मायलेकींना गाडीत बसवलं. गाडी हलली, आणि मागच्या काचेतून आईला दिसलं, सासूबाई बादली घेऊन लगबगीनं आल्या नि चाकांच्या खुणांवर पाणी ओतलं.

डॉक्टरीणबाईंनीही ते पाहिलं. पोरीचं तोंड पुसत म्हणाल्या, "असू दे ताई, सवय आहे आम्हाला. पाणी चाकामागं पडतं, आमच्या अंगावर नाही, तेवढं बरं."

आईला मान वर करवेना. उद्या आपणही वाटी घेऊन जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. पण उद्या सासूबाई काय म्हणतील, परवा लोक काय म्हणतील, असं करता करता दिवस गेले. अखेर धीर करून ती चौकात गेली, तर गाडीवर अनोळखी चेहरे. आधीची दोघं दूरच्या तालुक्यात बदलून गेली होती.

ती वाटी तशीच घेऊन गुरुजींच्या दारात येऊन बसली. "साधे आभारसुद्धा मानले नाहीत हो मी."

गुरुजींनी तिच्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "परीक्षेला निघालेल्या लेकराच्या हातावर आपण दही ठेवतो, कारण त्याचं यश आपल्याच घरी यायचं असतं. यांचंही तसंच, बाई. पीडा ही माणसं आणत नाहीत. ती आधीच येऊन बसलेली असते, हे तिला उठवायला येतात. त्यांचं यश म्हणजे तुझ्या पोरीचा श्वास. आणि आपण त्यांच्याच पाऊलखुणा धूत बसलो. त्या बाई आता भेटायच्या नाहीत. ही चुटपुट जन्मभर राहील, राहू दे. दही मात्र आंबायच्या आत पोहोचव."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा चौकात गेली. नवा चालक गोंधळला. "हे कशासाठी, वहिनी?"

"हात पुढं करा," एवढंच ती म्हणाली.

आपल्या दारातून अशी गाडी निघेल तेव्हा बादली खाली ठेवावी, आणि ही गोष्ट शेजारच्या घरीही सांगावी.