जांभईबंदीचं वर्ष

फार जुनी गोष्ट. एका राज्याचा राजा मनाने मोठा प्रेमळ, पण अंमळ उतावळा होता. एकदा भर दरबारात प्रधानाने जांभई दिली आणि राजाचा जीव कळवळला. "माझ्या राज्यात कंटाळा? छे छे!"

दुसऱ्याच दिवशी गावोगाव दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! कंटाळा टाळा! जो जांभई देईल, त्याच्या दारी राजाची माणसं येऊन त्याला रिझवतील!"

लोक खूश झाले. फुकटची करमणूक कोणाला नको?

त्याच राज्यात सगुणाआजी नावाची विणकरीण राहत होती. जत्रेत देवीला नेसवायचं लुगडं दर वर्षी तिच्याच मागावरचं. रीत अशी, की काठ नवा हवा, आधी कुणी न पाहिलेला. तो साधला नाही, तर मान दुसऱ्या गावाला. चाळीस वर्षं आजीने तो मान राखला होता.

यंदा मात्र काठ काही सुचेना. हजारभर धागे एकेक करून ओवायचे, म्हणजे काम मुलखाचं कंटाळवाणं. ओवता ओवता आजीने जांभई दिली, की दारात बहुरूपी हजर! उद्या डोंबारी, परवा सोंगाड्या. आजी पोट धरधरून हसायची आणि पुन्हा धागा हातात घ्यायची. डोकं कोरं ते कोरंच. जत्रा आठ दिवसांवर आली, तसं तिला रडूच फुटलं.

ती तडक राजाकडे गेली. "महाराज, माझा कंटाळा मला परत द्या."

"आजी, वेड लागलं का गं तुला?"

"वेड नाही, महाराज. देवीचं लुगडं अडलंय."

राजा चक्रावला, पण तिचे डोळे पाहून म्हणाला, "बरं, जत्रेपर्यंत तुझ्या दारी कोणी फिरकणार नाही."

पहिला दिवस जाता जाईना. दुसऱ्या दिवशी आजी स्वतःवरच करवादली. तिसऱ्या दिवशी ती नुसती भिंतीकडे बघत बसली. भिंतीवरून तांबड्या मुंग्यांची रांग चालली होती. एका जागी ती वळसा घ्यायची अन् पुन्हा सरळ व्हायची.

'अगं बाई! तिथे तर काहीच नाही. मग या वळतात कशाला?'

आजी उठली. नाक लावून वास घेतला, तेव्हा आठवलं. परवा तिथे तिचाच हळदीचा हात लागला होता. डाग तिने पुसला होता, वळसा मात्र राहिला होता! आजी टाळी वाजवून मागावर बसली.

जत्रेला राजा आला. देवीच्या लुगड्याच्या पिवळ्या काठावर तांबड्या ठिपक्यांची ओळ होती, मध्येच वळणारी. राजा वाकून बघू लागला. "आजी, ही इथे का गं वळते?"

प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, दवंडी पिटल्यापासून आज पहिल्यांदा तुम्हाला असा प्रश्न पडला."

राजा खो खो हसला. आजीचा मान राहिला, आणि दुसऱ्या दिवशी नवी दवंडी फिरली, "ऐका हो ऐका! कंटाळा टाळू नका!"

रिकामं मन सैतानाचं घर म्हणणारे म्हणोत बापडे. प्रश्न पडतात ते रिकाम्या मनालाच, आणि प्रश्न पडल्यावाचून नवं काही सुचत नाही.