अधाशी चूल

फार मागे पार्वताबाईच्या स्तनात पेशींच्या इवल्या चुलींचं गाव नांदत होतं. वाट्याची साखर घ्यायची आणि वाऱ्यावर पुरती जाळायची, ही तिथली रीत. त्यातली एक चूल बिघडली. ती दहाजणींची साखर ओढी, अर्धवट जाळून टाकून देई आणि शेजारी स्वतःसारख्याच चुली मांडी. बाकीच्या म्हणत, "केवढी ताकद हिची."

पुढे पार्वताबाईच्या हाताला गाठ लागली, तेव्हा त्या चुलीला शोधायला डॉक्टर सुमतीबाईंनी तपासणीच्या यंत्रात चमकणारी साखर रक्तातून धाडली. इतर चुलींनी चिमूटभर घेतली. अधाशी चुलीने मुठी भरभरून घेतली आणि ती लख्ख उजळली. ते पाहून डॉक्टरबाईंनी औषध देऊन तिच्या कुळाचंच जळण अडवलं.

विझताना तिने विचारलं, "इतक्या चुलींत मी कशी सापडले?"

म्हातारी चूल म्हणाली, "डॉक्टरबाई हुशार. त्यांनी फक्त साखर वाढली. हात तूच पुढे केलास."