मालकांचा डागाळलेला कोट

गिरणीच्या चिमणीतून काजळी पडते अशी वस्तीने तक्रार केली, तेव्हा मालक जयसिंगरावांनी मामलेदारांसमोर शपथेवर सांगितलं, "वस्तीवर कणभरही काजळी पडत नाही!"

थोड्याच दिवसांत त्यांनी साबीबाई परटिणीला त्याच कचेरीत उभं केलं. "हिनं माझा पांढरा कोट काळा केला!"

"कुठे वाळत घातलास?" मामलेदारांनी विचारलं.

"वस्तीत, माझ्या दारात." साबीबाई मालकांकडे वळली. "डाग काजळीचा असेल, तर तुमची शपथ खोटी. नसेल, तर कशाचा ते तुम्हीच सांगा! कोटासाठी कचेरीत धावलात. माझ्या नातीच्या खोकल्यातून हेच काळं पडतं, तिच्यासाठी कुणी धावायचं?"

मामलेदारांनी गिरणीची भट्टी विझवण्याचा हुकूम तिथेच काढला.