पट्टीचा मुहूर्त

काही माणसे निर्णय घेत नाहीत आणि त्या न घेण्यालाच विचार म्हणतात. ती दोन्ही बाजू तपासतात, तिसऱ्याचे मत घेतात, ते चौथ्यापुढे मांडतात आणि तोवर काम मात्र अंगणात उन्हात तापत उभे राहते.

एकदा एक शिष्य असाच अडला होता. तो महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवी. धाकट्या बहिणीचे लग्न तोंडावर आले होते आणि पाठवणी त्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून व्हायची होती. हट्ट बहिणीचाच. "भाड्याची गाडी नको, आपल्याच गाडीतून जाईन." गाडी धडधाकट होती, पण दारांवरच्या काळ्या पट्ट्या आणि पुढची जाळी विटून राखेसारखी झाली होती. सासरच्या दारात ती अशी उभी राहिली तर बहिणीला ओशाळे वाटेल, हे त्याला सलत होते.

पट्ट्या स्वतः रंगवाव्यात की पेंटरकडे द्याव्यात? स्वतः रंगवाव्यात तर ओघळ येतील. पेंटरकडे द्याव्यात तर बहिणीसाठी आपण आपल्या हाताने काय केले? त्याने रंगाचा डबाही आणून ठेवला होता आणि पेंटरशीही बोलून ठेवले होते. बहीण म्हणे, "अरे भाऊ, माझं लग्नसुद्धा याहून लवकर ठरलं!"

अखेर त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना घरी बोलावले. अंगणात खुर्ची टाकली आणि दोन्ही पक्ष यथासांग मांडले. गुरुजींनी डोळे मिटून सगळे ऐकले.

"डबा कुठे आहे?" त्यांनी विचारले.

शिष्याने डबा आणला. गुरुजींनी पेचकसाने झाकण उचकटले, तर्जनी रंगात बुडवली आणि शांतपणे उठून दाराच्या पट्टीवर एक जाडजूड, वाकडातिकडा फराटा ओढला.

"गुरुजी! हे काय केलंत?"

"मुहूर्त," गुरुजी म्हणाले आणि बोट पुसायला चिंधी मागू लागले.

गुरूंवर रागावता येत नाही, ही शिष्यांची जुनीच अडचण. गुरुजी चहा घेऊन गेले आणि हा धावला फराटा पुसायला. तो पुसला जाईना, पसरतच गेला. मग पॉलिश पेपर आणून घासणे आले. डाग घासताना शेजारचा भागही घासावा लागला, आणि पाहतापाहता सगळी पट्टी घासून झाली. आता ती तशीच कशी ठेवायची? त्याने कडांना चिकटपट्टी लावली, प्रायमरचा हात दिला, तो वाळल्यावर रंगाचा. पहिली पट्टी बरी झाली, दुसरी चांगली. चौथ्या दारापाशी पोहोचेपर्यंत तो गुणगुणू लागला होता.

मग त्याने जाळी हाती घेतली. तिच्या बारीक फटींत रंग साचून गाठी धरू लागला. थोडा वेळ झटून त्याने ब्रश खाली ठेवला, जाळी घासून स्वच्छ केली आणि पेंटरला फोन केला, "दादा, पट्ट्या मी केल्यात. जाळी माझ्याच्याने होत नाही, ती तुम्ही करा." हे सांगताना त्याला जराही कमीपणा वाटला नाही. याचेच त्याला नवल वाटले.

तो गुरुजींकडे गेला. "गुरुजी, तुम्ही पट्टी मुद्दाम खराब केलीत ना?"

गुरुजी हसले. "अरे, ती खराब होईल या भीतीनेच तू तिला हात लावत नव्हतास. म्हणून ते काम मी उरकून टाकलं. बिघडलेल्या वस्तूला कोण भितो? स्वतः करू की दुसऱ्याला देऊ, हा प्रश्न हाताचा आहे. तू तो डोक्याला विचारत बसला होतास. डोकं बिचारं काय सांगणार? त्याने कधी ब्रश धरलाय? पट्ट्या जमल्या, जाळी जमली नाही. दोन्ही उत्तरं खरी. पण ती गाडीशेजारी उकिडवं बसल्यावर मिळाली, खुर्चीत नाही."

वाद घालायला शिष्याकडे मुद्दे होते, पण त्यांची गरज उरली नव्हती.

लग्नाच्या दिवशी जाळी चमकत होती आणि दारांवरच्या पट्ट्या काळ्याभोर दिसत होत्या. फुलवाल्याने टपापासून खालपर्यंत झेंडूच्या माळा सोडल्या, तेव्हा नवरी शालू सावरत थेट गाडीपाशी आली.

"काका, दारावरच्या माळा जरा वर घ्या ना," ती म्हणाली. "भावानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी ठरवून केलंय, ते दिसू दे की सगळ्यांना!"