चार वाजताचं विमान

उस्तादांची एक आठवण द्या, एक आठवण द्या, म्हणून क्लबच्या लोकांनी माझा उंबरा झिजवला. मी चौथी शिकलेला माणूस. एकतीस वर्षं धावपट्टी झाडली आणि तिच्यावरची कुत्री-शेळ्या हाकलली. आठवणी लिहायला ते इस्त्रीचे शर्टवाले आहेत की. पण ही आठवण ते लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहितो. एकदाच. पुन्हा विचारायला येऊ नका.

“वर जायचं तर काय लागतं, उस्ताद?”

शलाकानं विचारलं. रविवार होता, दुपारचे बारा.

कासम अत्तार, म्हणजे आमचे उस्ताद, विमानाच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. फौजेत विमानं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, आता आमच्या कवठेपठारच्या विमान शिकवणाऱ्या क्लबात. त्यांनी मान वर केली नाही.

“शिडी,” ते म्हणाले.

“तसं नाही हो. मी करिअरचं विचारतेय.”

“पाना दे.”

तिनं पाना दिला. उस्ताद बोल्ट फिरवायला लागले.

ही शलाका बेर्डे, इचलकरंजीची. कॉलेजात पहिली आलेली. तिला वैमानिक व्हायचं होतं. क्लबनं तेव्हा नवीन टूम काढली होती. विमानाला हात लावायच्या आधी पोरांनी सहा महिने दर रविवारी एका जुन्या माणसाच्या हाताखाली काढायचे. ह्याला मार्गदर्शन म्हणायचे. उस्तादांच्या वाट्याला चौघं आली. तिघं पहिल्याच महिन्यात पळाली, कारण पहिला महिना उस्ताद फक्त ‘पाना दे’ आणि ‘पाना ठेव’ एवढंच बोलायचे.

ही टिकली. हुशार होती. आपण हुशार आहोत हे तिला जरा लवकर कळलं होतं, एवढीच खोट.

त्या दिवशी तिच्याकडे एक कागद होता. मोठ्या शहरातल्या विमान-शाळेत एक जागा होती, सगळा खर्च शाळेचा. त्यावर मार्गदर्शकाची सही हवी होती, आणि कागद सोमवारी पोचायला हवा होता. जागा मिळाली तर शीक, नाहीतर सूत-दुकानात माझ्या शेजारी बस, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

उस्तादांनी सकाळीच तो कागद वाचला होता. एका रकान्यात विचारलं होतं, कामात आजवर काही चूक झाली आहे का. शलाकानं तिथं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही.’

उस्तादांनी कागदाची घडी घालून तिला परत दिला.

“सही, उस्ताद?”

“शाई ओली आहे.”

“बॉलपेननं लिहिलंय मी!”

“तरी ओली आहे.”

आता फळ्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या हँगरच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली. पान्याच्या खिळ्याखाली पान्याची, पकडीच्या खिळ्याखाली पकडीची. हत्यार टांगलं की सावली झाकते. काम संपल्यावर एक जरी सावली उघडी दिसली, तरी विमान हँगरच्या बाहेर काढायचं नाही. हत्यार इंजिनात राहिलं असेल तर वर गेल्यावर काय होतं, ते मी लिहीत नाही. लिहायची गरजही नाही.

अडीच वाजता काम संपलं. उस्तादांनी फळ्याकडे पाहिलं.

सात-सोळाच्या पान्याची सावली उघडी होती. करंगळीएवढ्या बोल्टाचा तो पाना, बोटभर लांब.

आणि नेमका त्याच दिवशी मेळावा. ‘विमानक्षेत्रातील करिअर’ असा फलक लावून मांडव घातलेला. आसपासच्या शाळांतली चाळीस पोरं खुर्च्यांवर बसलेली. चार वाजता आमचं विमान त्यांच्या डोक्यावरून दोन फेऱ्या मारणार होतं. उडवणार होते कॅप्टन रणदिवे, आमचे मुख्य शिक्षक. खांद्यावर पट्ट्या, डोळ्यावर काळा चष्मा. पोरांना हँगर दाखवायला ते आत आले आणि त्यांनी ती सावली बघितली.

“शेवटी कुणी वापरला होता?”

“मी,” शलाका म्हणाली. “पण मी जागेवर ठेवला होता, सर. नक्की ठेवला होता.”

“मग गेला कुठं?”

“मी जेवायला गेले तेव्हा… इथं चौगुलेकाका झाडत होते.”

चौगुले म्हणजे मी. महादेव चौगुले. पोरगी खोटं बोलली नाही. मी झाडतच होतो.

“चौगुले,” कॅप्टन म्हणाले, “पिशवी आण.”

“साहेब, मी पाना घेऊन काय करू? कान कोरू?”

पोरं हसली. कॅप्टनना ते आवडलं नाही.

“पिशवी आण म्हटलं ना.”

आणली. त्यांनी ती टेबलावर उलटी केली. डबा उघडला. भाकरी, ठेचा, तंबाखूची डबी, बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या. कांदा होता एक, तो घरंगळत खाली गेला आणि पुढच्या रांगेतल्या पोराच्या बुटाला लागून थांबला. पुन्हा हशा. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला.

“खिसे,” कॅप्टन म्हणाले.

मी खिसेही उलटे केले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

उस्ताद हात पुसत पुढं आले. वाकले. कांदा उचलला, सदऱ्याला पुसला, माझ्या पिशवीत ठेवला. डब्याचं झाकण लावलं.



“नाही त्याच्याकडे,” कॅप्टन म्हणाले. जसं काही हवामान सांगतायत. “जाऊ दे. कोठीतून नवा पाना काढा, लावा खिळ्याला. चारला उडायचंय.”

“सावली झाकली म्हणजे पाना सापडला होय?” उस्ताद म्हणाले.

आणि त्यांनी नुकतंच बसवलेलं इंजिनावरचं झाकण पुन्हा खोलायला घेतलं.

कॅप्टन पोरांना घेऊन मांडवात गेले. शलाका बॅटरी धरून उस्तादांजवळ उभी राहिली. मी केरसुणी घेतली आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागलो. दुसरं काय करणार?

एक तास गेला. मांडवातून कर्ण्यावर कॅप्टनचा आवाज येत होता. शिस्त, आत्मविश्वास, असलं काहीतरी.

“उजेड हलतोय,” उस्ताद म्हणाले.

“सॉरी.”

…

“उस्ताद, तुमच्या हातून कधी काही राहिलं होतं?”

“पक्कड. फौजेत. विमानाच्या शेपटीत.”

“मग?”

“विमान निघालं होतं. मी पळत जाऊन त्याच्यापुढं आडवा पडलो.”

“आडवे? अहो, तोंडानं सांगायचं ना कुणाला!”

“तोंड उघडेना. पाय चालले.”

शलाका हसली नाही.

“तुमचे साहेब काय म्हणाले?”

“साहेबानं चहा मागवला. दोन कप. मग शिव्या दिल्या, पोटभर.”

“आधी चहा?”

“आधी चहा.” उस्तादांनी एक बोल्ट काढून तिच्या तळहातावर ठेवला. “आधी शिव्या दिल्या असत्या, तर पुढच्या वेळी मी विमान अडवायला पळालो नसतो.”

…

उजेड गेला. मला वाटलं बॅटरी संपली. तिनंच ती विझवली होती.

“उस्ताद… पाना माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.”

उस्तादांचा हात इंजिनात तसाच थांबला.

“जेवायला जाताना मी अंगावरची कामाची डांगरी काढून डिकीत टाकली. पाना तिच्या खिशात राहिला.”

“कधी आठवलं?”

“काकांचा डबा उघडला तेव्हा.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच. मी सांगणार होते. शप्पथ, सांगणारच होते. पण तो कांदा पडला… आणि सगळे हसले… काकांनी खिसे उलटे केले… मग मला बोलताच येईना.”

आता खरं सांगतो, माझ्या हातात केरसुणी होती आणि ती तिच्या पाठीत घालावी असं मला वाटलं. तासभर मी चोर म्हणून झाडत होतो, आणि ही बया बॅटरी धरून उभी!

उस्तादांनी हात बाहेर काढला.

“म्हादबा,” ते मला म्हणाले, “चहा आण. तीन.”

आणला. मुकाट्यानं आणला. तिघांनी उभ्यानं प्यायला.

“तुझा कागद?” उस्ताद तिला म्हणाले.

“आता राहू दे, उस्ताद. फाडून टाकते.”

“पाना आधी.”

ती गेली आणि डांगरी घेऊन आली. पाना खिशातून काढला. पण ती फळ्याकडे गेली नाही. सरळ मांडवात गेली, कॅप्टनच्या हातातला कर्णा मागून घेतला. आवाज फाटत होता तिचा, तरी हँगरपर्यंत शब्द न् शब्द आला.

“पाना माझ्याकडे होता. मी विसरले होते. आणि आठवल्यावरही मी सांगितलं नाही. चौगुलेकाकांनी काही घेतलं नव्हतं.”

कुणी हसलं नाही.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात जोडले. काही बोलायला गेली.

“तोंड पूस,” मी म्हटलं. “आणि पाना जागेवर लाव. फळा उघडा पडलाय.”

आमच्यात तेवढ्यावर मिटलं. ती आजही दिवाळीला फोन करते. विमान उडवते आता, मोठं.

कॅप्टन तिच्या मागोमाग हँगरमध्ये आले. चेहरा लालबुंद.

“बघितलंत, उस्ताद? ही तुमची शिष्या! दीड तास सगळ्यांना खेळवलं. हिची शिफारस करणार होता तुम्ही?”

उस्तादांनी शलाकापुढं हात केला. तिनं कागद दिला. त्यांनी तो विमानाच्या पंखावर पसरला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

तिनं ‘नाही’ खोडलं. त्याच्या वर लिहायला लागली. लिहिता लिहिता रकाना पुरेना, तेव्हा समासात गेली.

उस्तादांनी सगळं वाचलं आणि खाली सही केली.

“वाळली,” म्हणाले.

“अहो, पण हिनं चूक लपवली!”

“पाना विसरली, ती हिची चूक,” उस्ताद म्हणाले. “आणि गप्प बसली, ती…”

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. झाकण उचललं आणि इंजिनावर बसवायला लागले.

पावणेपाच झाले. विमान बाहेर काढलं. पोरांनी मांडवातून धावत येऊन धावपट्टीच्या कडेला बांधलेल्या दोरीशी गर्दी केली. वारा बरोबर होता, ऊन उतरलेलं होतं. माझी पट्टी मी दोनदा बघून आलो होतो, तिच्यावर खडासुद्धा नव्हता. कॅप्टन आत बसले. पट्टा लावला, कानावर ते वायरलेसचं चढवलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

“उस्ताद, वही.”

विमानाची एक वही असते. दुरुस्तीनंतर तिच्यात उस्तादांची सही पडल्याशिवाय ते जागचं हलत नाही. वही उस्तादांच्या काखेत होती. पेन खिशाला होतं.

उस्ताद उभेच.

“पाना मिळाला ना?” कॅप्टननी विचारलं.

“मिळाला.”

“इंजिन बघितलंत?”

“दोनदा.”

“फळा?”

“भरला.”

“मग राहिलं काय आता?”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीजवळ उभा होतो, खांद्याला पिशवी, हातात केरसुणी. कॅप्टननीही माझ्याकडे पाहिलं. चांगलं दोन श्वास पाहिलं. काय राहिलंय ते त्यांना कळलं होतं, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगेन. विमानाच्या दारापासून माझ्यापर्यंत फार तर वीस पावलं असतील.

मग त्यांनी घड्याळ बघितलं.

“उस्ताद, चाळीस मुलं थांबलीत,” ते म्हणाले.

“दिसतायत,” उस्ताद म्हणाले.

सव्वापाच झाले. साडेपाच झाले. क्लबच्या कमिटीचे अध्यक्ष येऊन उस्तादांच्या कानाशी लागले. मग ओरडले. नोकरीवरून काढीन म्हणाले. उस्तादांनी वही उजव्या काखेतून डाव्या काखेत घेतली, एवढंच. शलाका जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. कागद छातीशी धरलेला. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मी स्वतः म्हटलं, “उस्ताद, करा सही. माझं काय एवढं…”

“तू पट्टी बघ,” ते म्हणाले.

सूर्य टेकला. अंधारात आमच्याकडे उडत नाहीत. विमान त्या दिवशी उडालं नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादांना घरी बसवलं, आणि ते हसत घरी बसले. चार वर्षांमागं गेले. त्यांच्या मातीला मी होतो. तो काळा चष्मा घालून आलेला एक जण पण होता, लांब उभा. मला वाटलं, आता येईल माझ्यापर्यंत. आला नाही. माझा पत्ता तोच आहे, दार दिवसभर उघडंच असतं, आणि माझं वय आता एक्याऐंशी.

तर त्या संध्याकाळी पोरं परतायला लागली, तेव्हा त्यांतलं एक दोरीखालून वाकून उस्तादांजवळ आलं. ज्याच्या बुटाला कांदा लागला होता, तेच.

“आजोबा, विमान बिघडलंय का?”

“नाही, बाळ.”

“मग उडालं का नाही?”

उस्तादांनी आत बसलेल्या माणसाकडे पाहिलं. पट्टा अजून लावलेलाच होता.

“विमान तयार आहे,” ते म्हणाले. “कॅप्टन रणदिवे अजून तयार नाहीत.”